मांडवावरचे वेली गुलाब: प्रकल्प नोंदी, नाशिक

१६ एप्रिल २०२३

घराच्या मागच्या दारातून विहिरीकडे जी फरशीची वाट जाते तिच्यावर लोखंडी पर्गोला टाकायचा आणि त्यावर वेली गुलाब चढवायचे हे घरात ठरलंय, म्हणून आजपासून नोंदी ठेवते. जागा मखमलाबादच्या बाजूला, तिन्ही अंगांना द्राक्षबागा, माती काळी आणि भारी, पाणी बोअरचं. मुघलांच्या काळात या शहराचं नाव गुलशनाबाद होतं आणि आमच्या अख्ख्या गल्लीत एकही धड वेली गुलाब नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मापं घेतली. मांडव १६ फूट लांब, ८ फूट रुंद, खालून साडेआठ फूट मोकळी उंची, दोन्ही बाजूंना तीन-तीन असे सहा खांब. ऊन सकाळी साडेसातपासून दुपारी तीनपर्यंत सलग मिळतं, नंतर पश्चिमेच्या कडुनिंबाची सावली येते, हे उत्तमच, गुलाबाला सकाळचं ऊन हवंच आणि एप्रिल-मेचं चारचं ऊन नसलेलं बरं.

दादाचं म्हणणं मधुमालती लाव, दोन वर्षांत मांडव झाकून टाकेल, पाणी दिलं नाही तरी जगेल. ते खरंय. पण मधुमालती एकदा चढली की खाली लोखंड आहे का लाकूड हेसुद्धा दिसत नाही, दरवर्षी कोयत्याने सोलून काढावी लागते, आणि आईला देवासाठी फुलं हवीत, वासाची हवीत. आईने अट एकच घातली, वाटेवरून पाण्याची कळशी घेऊन जाताना पदराला काटा लागता कामा नये.

२३ एप्रिल २०२३

आजचा दिवस फक्त जातींवर घालवला.

आधी हे डोक्यात पक्कं केलं की वेली गुलाब ही खरी वेल नाहीच. त्याला तणावे नसतात, तो जाईसारखा गुंडाळत नाही, काकडीसारखा धरत नाही. तो नुसत्या लांब काड्या टाकतो आणि त्या आपण बांधायच्या असतात, म्हणजे सगळा खेळ काडीचा आहे. ती किती लांब जाते, किती वाकते, काटे किती, आणि आडवी केल्यावर तिच्यावर फुटवे किती येतात. आणि नर्सरीच्या लेबलवर यातलं काहीच नसतं, असतो तो एका फुलाचा क्लोजअप!

दुसरी गोष्ट, एकदाच फुलणारे आणि पुन्हा पुन्हा फुलणारे. रॅम्बलर म्हणतात ते, इंग्लंडमधल्या कमानींवर फोटोत दिसतात ते 'अमेरिकन पिलर' वगैरे, वर्षातून एकदा फुलतात आणि फुलायला त्यांना कडक थंडी लागते. आपल्याकडे निफाडला एखाद्या रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो खरा, पण दुपारी पुन्हा स्वेटर काढायची वेळ येते, ती थंडी त्यांच्या कामाची नाही. अशा झाडाला इथे लावलं तर पानं भरपूर आणि फुलांच्या नावाने शून्य. म्हणून रॅम्बलर यादीतून सरळ बाद.

बँक्सिया गुलाबावर मात्र जीव अडकला होता, तो जवळपास बिनकाट्याचा. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावी १८८५ साली लावलेला पांढरा बँक्सिया अजून आहे, जगातलं सगळ्यात मोठं गुलाबाचं झाड म्हणून गिनेसमध्ये त्याची नोंद आहे, एका खोडावरून निघून तो ८,००० चौरस फुटांहून जास्त मांडव व्यापतो आणि लोक खाली बसून चहा पितात. पण टूमस्टोन वाळवंटी असलं तरी साडेचार हजार फुटांवर आहे, हिवाळ्यात तिथे दव गोठतं. आणि बँक्सिया फुलतो तोही वर्षातून एकदाच, जुन्या लाकडावर. नाशिकला नको.

उरले ते पुन्हा पुन्हा फुलणारे क्लायंबर. यातही दोन तऱ्हा आहेत. काही जाती मुळातच क्लायंबर म्हणून तयार केलेल्या, काही म्हणजे झुडपी गुलाबानेच अचानक टाकलेली लांब काडी, तिचे डोळे (काडीवरचे, जिथून फुटवा निघतो ते) दुसऱ्या झाडाच्या सालीत भरून केलेलं झाड, यांच्या नावाआधी 'क्लायंबिंग' लागतं. हे का होतं तर वर्षभर फुलायचा गुण चायना गुलाबाकडून आलाय, त्यात प्रत्येक फुटवा फुलात जाऊन संपतो म्हणून झुडूप बुटकं राहतं, आणि तो गुण जरा ढिला पडला की काडी लांब पळते. म्हणूनच क्लायंबिंग जाती झुडपापेक्षा फुलायला थोड्या आळशी असतात, आणि पहिली दोन वर्षं त्यांना जोरात छाटलं तर कधीकधी परत झुडूप होऊन बसतात. हे कात्री हातात घ्यायच्या आधीच माहीत हवं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तीच कुणी बोलत नाही. मांडवाच्या छतावरची फुलं सूर्याकडे तोंड करतात. खालून चालणाऱ्याला दिसतात देठ आणि पानांची पाठ. मोठं, ताठ मानेचं, एकेकटं येणारं फूल छतावर वाया गेलं समजा, ते गच्चीवरून बघायचं. छतासाठी असं झाड हवं ज्याचे घोस स्वतःच्या वजनाने खाली लोंबतात, किंवा ज्याची मानच नाजूक आहे. आणि ताठ फुलाच्या जाती खांबांना द्यायच्या, डोळ्यांच्या उंचीवर.

या हिशोबाने कच्ची यादी:

डॉन हुआन. १९५८ ची जात, गडद मखमली लाल, दणदणीत वास, आठ-दहा फूट, काडी जाड आणि ताठ. छताला निरुपयोगी, खांबाला एक नंबर. उष्ण हवा त्याला मानवते. हा आईचा.

कॉकटेल. फ्रान्सच्या मेयाँ या गुलाबाच्या जाती काढणाऱ्यांची, १९५७ ची. पाच पाकळ्यांचं साधं लाल फूल, मधे पिवळा डोळा. आठेक फुटांवर जात नाही, काटे फार, पण आपल्याकडे वर्षभर फुलतो. वाटेपासून लांबच्या खांबाला.

क्लायंबिंग आइसबर्ग. आइसबर्ग जर्मनीच्या कोर्डेसचा १९५८ चा, वेली रूप १९६८ चं. काटे कमी, काडी बारीक आणि वाकायला गुणी, पांढरे घोस. पावसाळ्यात काळे ठिपके येणार हे धरूनच चालायचं.

प्रॉस्पेरिटी. इंग्लंडमधल्या पेम्बर्टन नावाच्या पाद्र्याची १९१९ ची. सायीच्या रंगाचे घोस, वास आहे, आणि काडी घोसाच्या वजनाने कमानीसारखी वाकते. छतासाठी मला हवं ते हेच.

क्लायंबिंग सेसिल ब्रूनर. १८९४ ची, बोटाच्या पेराएवढी गुलाबी फुलं, काटे अगदी थोडे, आणि वाढ इतकी की वीस फूट सहज. वाटेच्या तोंडाशी आईच्या अटीसाठी.

दिल्ली पिंक पर्ल. आपल्या डॉ. बी. पी. पाल यांची. गव्हाच्या जाती काढणारा मोठा शास्त्रज्ञ, १९६५ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेचे (आयसीएआर) पहिले महासंचालक, आणि उरलेल्या वेळात गुलाब. उत्तर भारतातल्या उन्हाळ्यात निवडलेली जात आहे, तेव्हा नाशिकचा मे तिला नवीन नाही.

मारेशाल नील. १८६४ ची, पिवळी, चहाच्या वासाची, मान इतकी नाजूक की फूल खालीच बघतं. प्रदर्शनवाल्यांना तो दोष वाटतो, मांडवाखाली बसणाऱ्याला तोच गुण. पण सुरुवातीला वाढ फार हळू आणि चांगलं रोप मिळणं अवघड.

खरं तर आपल्या हवेचे वेली गुलाब आपल्याच रानातून यायला हवेत. मणिपूरमध्ये सर जॉर्ज वॅट यांना १८८२ साली रोझा जायगँटिया सापडला, झाडांवर चढत जाणारा रानगुलाब, आणि कोडाईकनालचे विराराघवन यांनी, जे आधी आयएएस अधिकारी होते, आयुष्यभर त्याच्यावर संकर करून उष्ण हवेचे क्लायंबर काढलेत. ती रोपं इकडच्या नर्सरीत मिळायला लागली तर या यादीतली निम्मी नावं मी आनंदाने खोडेन.

७ मे २०२३

फॅब्रिकेटर येऊन गेला. लाकूड नको हे आधीच ठरलं होतं, आमच्याकडे वाळवी आहे. तीन इंची चौकोनी एमएस पाइप, ३ एमएम जाडी, दोन फूट खोल खड्ड्यात काँक्रीटमध्ये बेस प्लेट आणि अँकर बोल्ट, वर दोन हात रेड ऑक्साइड आणि मग रंग. तो दोन इंची पाइप पुरेल म्हणत होता, मी नाही म्हटलं, भरलेला गुलाब पावसात भिजला आणि वर वारा सुटला की त्याचं वजन भलतंच होतं, आणि झाड चढल्यावर वेल्डिंग दुरुस्त करता येत नाही. चारही कोपऱ्यांना तिरके ब्रेस पण घालायला लावले.

छताला जाळी नको म्हणून सांगितलं. जाळीत काडी ओवली की ती आत जाड होते आणि मग बाहेर काढायला कापावीच लागते. त्याऐवजी दर दीड फुटाला आय बोल्ट, त्यातून जीआय तार, टोकाला तार आवळायचं टर्न बकल. तार पाइपापासून तीन इंच वर, कारण मेमध्ये पाइपाला हात लावला तर चटका बसतो आणि कोवळी काडी त्याला टेकली की साल भाजते.

तारेचं शेजारचे अण्णा बघून देणार आहेत. आयुष्य द्राक्षाच्या मांडवात गेलंय त्यांचं. आराखडा बघून म्हणाले, "पोरी, हा तर आमचाच मांडव. फक्त घड नाहीत."

२१ मे २०२३

खड्डे घेतले, दोन फूट लांब रुंद खोल, खांबापासून सव्वा फूट लांब. खांबाला चिकटून लावायचं नाही, तिथे काँक्रीट आहे.

खालची माती काढली तर दीड फुटाखाली चुनखडीचे पांढरे खडे. म्हणजे पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे पुढे दिसणार. त्यामुळे खुंट, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर कलम केलेलं असतं ते, कुठला हा प्रश्न जातीइतकाच मोठा झाला. मल्टिफ्लोरा खुंटाला चुन्याची जमीन मानवत नाही, लोह उचलता येत नाही त्याला. इंडिका खुंट असला तर बरं. अण्णांना हे समजवावं लागलं नाही, इकडची सगळी द्राक्षं डॉगरिजच्या खुंटावर उभी आहेत, जमीन वाईट असली की खुंट बदलायचा हे त्यांच्या रोजच्या बोलण्यातलं.

खड्डे उन्हात तापत ठेवले.

११ जून २०२३

नर्सऱ्या बघून झाल्या, काही नाशिकच्या, काही पुणे-सोलापूर रोडवर सोरतापवाडीच्या. "क्लायंबिंग रेड", "क्लायंबिंग व्हाइट", "क्लायंबिंग यलो", बहुतेक ठिकाणी नाव एवढंच. एका ठिकाणी ज्या बॅगवर वेली म्हणून चिठ्ठी होती त्या रोपाची सगळ्यात लांब काडी वीतभर आणि तिच्याही टोकाला कळी. लांब काडी टाकणारं झाड बॅगेतसुद्धा एखादी काडी वर फेकतंच, कळी न धरता. रोप निवडताना मी आता फुलाकडे बघतच नाही. एक तरी पेन्सिलीएवढी जाड, हातभर लांब, टोकाला कळी नसलेली काडी आहे का, कलमाचा जोड गुळगुळीत भरलाय का, आणि जोडाखालून काही फुटलंय का.

डॉन हुआन, कॉकटेल, क्लायंबिंग आइसबर्ग आणि प्रॉस्पेरिटी मिळाले, नावानिशी, इंडिका खुंटावर. सेसिल ब्रूनर मिळाला पण खुंट मल्टिफ्लोरा आहे, घेतला, त्याला जोर इतका असतो की निभावेल. दिल्ली पिंक पर्लचं रोप एका गुलाबप्रेमी काकांनी स्वतः भरलेलं दिलं, पैसे घेईनात. मारेशाल नील कुठेच नाही.

लावणी आत्ता नाही. काळ्या मातीत जुलै-ऑगस्टला पाणी उभं राहतं, मुळं कुजतात. सगळी रोपं मोठ्या बॅगांमध्ये हलवून ओसरीच्या कडेला ठेवली, पाऊस सरल्यावर जमिनीत.

२२ जुलै २०२३

आइसबर्गवर काळे ठिपके. खालची पानं काढून जाळली. एक टक्का बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) फवारला, पावसाच्या उघडीपीत. कॉकटेलवर एकही ठिपका नाही. प्रॉस्पेरिटी ठीक.

३० सप्टेंबर २०२३

लावणी झाली.

खड्ड्यात निम्मी लाल माती आणि पोयटा, कुजलेलं शेणखत, प्रत्येकी दोन किलो निंबोळी पेंड, बोनमील, तळाला विटांचे तुकडे. काळी माती वापरली ती फक्त वरून आळ्याला. खड्ड्याची जागा आजूबाजूपेक्षा चार बोटं उंच ठेवली. कलमाचा जोड मातीच्या वर दोन बोटं, थंड देशातली माणसं तो पुरतात, आपल्याकडे पुरला तर कुजतो. रोप सरळ उभं न लावता खांबाकडे थोडं कलतं लावलं, म्हणजे काडी आपसूक तिकडे जाते.

वाटेच्या तोंडाशी सेसिल ब्रूनर, त्याच्या समोर आइसबर्ग. मधल्या जोडीत दाराच्या बाजूला आईचा डॉन हुआन आणि समोर प्रॉस्पेरिटी. विहिरीकडच्या टोकाला वाटेपासून लांबच्या खांबाला कॉकटेल. सहावा खांब मारेशाल नीलसाठी मोकळा ठेवलाय. पिंक पर्ल कुंपणाच्या तारेवर, मांडवापासून हातभर अंतरावर, कारण तो काटेरी आहे आणि मुलं मांडवाखाली खेळणार.

दादा म्हणाला एवढ्या लांब लावलेत, भरणार कधी? दोन झाडांत आठ फूट अंतर आहे आणि ते कमीच आहे.

९ डिसेंबर २०२३

सेसिल ब्रूनरच्या बुडातून एक तरतरीत फिकट हिरवी काडी आलीय, चार दिवसांत फूटभर. वहिनी खूश, म्हणाली बघा कसा पळतोय. वाकून बघितलं तर ती जोडाच्या खालून निघालेली, पानाला सात पर्णिका, आणि पानाच्या देठाच्या बुडाशी जी दोन छोटी पानं चिकटलेली असतात त्यांच्या कडा झालरीसारख्या फाटलेल्या. ही झालर मल्टिफ्लोराची खूण आहे, दुसऱ्या कुठल्या खुंटाला अशी नसते. माती उकरून मुळापर्यंत गेले आणि अंगठ्याने दाबून उपटली. कात्रीने कापली तर तिथूनच पुन्हा दोन फुटतात. वहिनीला दाखवून ठेवलं, आता तीही ओळखते.

२८ जानेवारी २०२४

पुण्याला एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाऊन आले. बाटलीत एकेक फूल, बघत राहावं अशी, तासभर हलले नाही. पण वेली गुलाब निवडायला प्रदर्शनाचा उपयोग नाही हे तिथे उभं राहून जास्तच पटलं, कारण बाटलीत काडी नसते.

५ मे २०२४

उन्हाळा निघतोय. पानांच्या खाली लाल कोळी, आइसबर्ग आणि डॉन हुआनवर. औषध मारलं नाही, दर दोन दिवसांनी पहाटे पाइपने पानांच्या पाठीवर जोरात पाणी, कोळी कमी झालाय. आळ्यात उसाचं पाचट चार इंच. सेसिल ब्रूनरची वरची पानं पिवळी, शिरा हिरव्या, अपेक्षित होतं, लोहाचं चिलेट ड्रिपमधून दिलं.

नव्या झाडांच्या कळ्या एप्रिलपासून चिमटून टाकतोय, आईचा याला विरोध आहे.

१८ ऑगस्ट २०२४

आजची नोंद मोठी होणार.

पावसावर सगळ्यांनी काड्या टाकल्यात, सेसिल ब्रूनरची तर छताच्या वर जाऊन हवेत डोलतेय, आइसबर्गच्या चार, प्रॉस्पेरिटीच्या तीन. बघणारा प्रत्येकजण म्हणतो वा, चढला! पण काडी सरळ वर गेली की फक्त टोकाला फुलते आणि बूड उघडं पडतं, कारण शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. काडी आडवी केली की शेंड्याची ती सत्ता जाते, आणि काडीवरचा जवळपास प्रत्येक डोळा फुटतो, प्रत्येक फुटव्याला घोस. एवढं एक जमलं तर वेली गुलाब जमला.

हे मी अण्णांना सांगायला गेले तर ते हसायलाच लागले. द्राक्षात खोड तारेपर्यंत आलं की शेंडा मारून दोन्हीकडे आडवे ओलांडे धरतात, ओलांड्यावर काड्या, काडीवर घड. हे इथल्या शेंबड्या पोरालाही येतं. फक्त गुलाबाला कुणी ओलांडा धरत नाही, कारण गुलाब म्हणजे शोभेचं झाड, त्याचा विचार शेतकऱ्याच्या डोक्याने होत नाही. मला तर वाटतं नाशिक-सांगलीच्या द्राक्षमजुरांच्या हातात वेली गुलाब दिला तर देशातले सगळ्यात देखणे मांडव इथे होतील.

तर दुपारी दीड वाजता अण्णा आणि त्यांच्याकडे बांधणीला येणाऱ्या मावशी आल्या. सकाळी का नाही विचारलं तर म्हणाले सकाळी काडीत पाणी भरलेलं असतं, टणक असते, टचकन मोडते, दुपारी जरा मऊ पडते. मावशींनी काडी शेंड्याकडून धरली नाही. एका हाताने बुडाशी, जिथून वळण सुरू होणार तिथे अंगठा खाली लावला आणि दुसऱ्या हाताने काडी हळूहळू, थोडी पिळत, अंगठ्यावरून वळवत नेली. काडीतून बारीक करकर आवाज आला की थांबायचं, तिथेच सुतळीने बांधून ठेवायचं, उरलेलं वळण आठ दिवसांनी. एकदम नव्वद अंश कुणी करत नाही. बांधणी इंग्रजी आठच्या आकाराची, एक वेढा तारेला, एक सैल काडीला, मधे पीळ, म्हणजे वाऱ्याने साल घासत नाही आणि जाड व्हायला जागा राहते. सुतळी वर्षभरात कुजून गळते आणि तेच बरं, प्लास्टिकची दोरी काडीत रुतते.

सेसिल ब्रूनर असा वळला की बघत राहावं. प्रॉस्पेरिटी तर स्वतःच वाकायला तयार. आइसबर्ग ठीक. डॉन हुआनची काडी अंगठ्याएवढी जाड, मावशींनी एकदा हात लावून सोडून दिली, "ही नाही यायची." ती यायची नव्हतीच, म्हणून तर त्याला छत दिलं नाही. त्याच्या काड्या खांबाभोवती जिन्यासारख्या तिरक्या फिरवल्या, कोवळ्या होत्या तोवर वळल्या, तिरकी काडीही सरळ काडीपेक्षा जास्त डोळे फोडते. कॉकटेललाही तेच, हातमोजे घालून.

२० ऑक्टोबर २०२४

पाऊस सरला. झुडपी गुलाबांची ऑक्टोबर छाटणी केली आणि वेली गुलाबांना त्या छाटणीतून वगळलं. माळी आला होता, त्याने सवयीने कात्री सेसिल ब्रूनरच्या मुख्य काडीला लावली, वेळेवर थांबवला. वेली गुलाबात ओलांडा तोडायचा नाही. त्याच्यावरचे फुलून गेलेले आडफुटवे तेवढे दोन-तीन डोळ्यांवर आणायचे, वाळकं आणि आतल्या बाजूला घुसणारं काढायचं, बास. तीन-चार वर्षांनी दरवर्षी एक सगळ्यात म्हातारी काडी बुडातून काढायची म्हणजे नवी येते.

कापलेल्या जागांना बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. एवढं कशाला लागतंय मला, अण्णांच्या बागेची कालवलेली होती त्यातली वाटीभर आणली. पेस्ट चुकवली तर शेंड्याकडून काळी मर सुरू होते आणि गुलाब त्यानेच जातात.

प्रत्येक आळ्यात टोपलीभर शेणखत, मूठभर सुपर फॉस्फेट.

१२ जानेवारी २०२५

फुलला!

प्रॉस्पेरिटीच्या आडव्या काडीवर बुडापासून शेंड्यापर्यंत दर तीन-चार बोटांवर फुटवा आणि प्रत्येकाला घोस, सगळे तारेखाली लोंबतायत, वाटेवरून चालताना चेहऱ्याच्या वर हातभर अंतरावर. कळ्या फिकट गुलाबी, उमलल्या की साय, सकाळी दहाच्या उन्हात वास येतो. आईचा डॉन हुआन गुडघ्यापासून डोक्यापर्यंत लाल आहे, ती रोज दोन फुलं काढते, तिसरं तोडत नाही. कॉकटेल दसऱ्यापासून थांबलेलाच नाही.

आइसबर्गबद्दल मत थोडं बदललं. छतावर त्याची फुलं वरच राहिली, गच्चीवरून सुंदर, खालून पांढरे ठिपके. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या दोन काड्या छतावरून उतरवून दोन खांबांच्या मधल्या उभ्या तारांवर आडव्या बांधणार, तिथे तो डोळ्यांसमोर येईल.

सेसिल ब्रूनरला आत्ता थोडीच फुलं आहेत, त्याचा मुख्य बहर फेब्रुवारीत येईल असं कळ्यांवरून दिसतंय. पण वाटेच्या तोंडाशी तो आडवा पसरलाय आणि आईचा पदर अजून कुठे अडकलेला नाही.

पिंक पर्ल कुंपणावर हळू आहे. पहिली तीन वर्षं त्याला काही म्हणणार नाही.

२ फेब्रुवारी २०२५

मारेशाल नीलच्या काड्या मिळाल्या! ज्या काकांनी पिंक पर्ल दिला त्यांच्या ओळखीत एक जुनं झाड निघालं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या आणि आजच डोळे भरले. सहाव्या खांबाशी मागच्या पावसाळ्यातच इंडिकाचे खुंट जागेवर रुजवून ठेवले होते, मारेशाल नीलला हलवलेलं आवडत नाही म्हणून.

खुंटाच्या सालीवर जमिनीपासून तीन बोटांवर टी आकाराचा छेद, साल सुटून येत होती, म्हणजे रस चालू आहे. डोळा घेतला तो फुलून गेलेल्या काडीच्या मधल्या भागातला, टपोरा पण न फुटलेला, ढालीसारखा काढून आत सरकवला, वरून प्लास्टिकची पट्टी, डोळा उघडा ठेवून. एका खुंटावर अण्णांनी भरला, तोही त्यांच्या पद्धतीने, साल न सोडवता पाचर बसवून. बघू कोणाचा धरतो.

२३ फेब्रुवारी २०२५

तीन डोळे हिरवे, एक काळा पडलाय. अण्णांचा हिरवा आहे. पट्ट्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात सोडायच्या, डोळा दोन बोटं फुटला की खुंट वरून तिरका कापायचा, तोवर खुंटाची पानं राहू द्यायची. जो सगळ्यात जोरात येईल तो खांबाशी राहील, बाकीचे बॅगेत, त्यातला एक अण्णांच्या विहिरीवर जाणार हे त्यांनी सांगूनच टाकलंय.

पाकळ्यांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्यात, प्रॉस्पेरिटीवर फुलकिडे. निळे चिकट सापळे लावले, उमलून गेलेली फुलं रोज काढून लांब टाकतोय. विहिरीकडच्या टोकाची तार ढिली झालीय, टर्न बकल दोन पीळ आवळायचं.